एक सरकलेलं कौल

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली आणि जोडून तीन दिवस हाताशी लागले. आंजर्ल्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. "घर पुन्हा उभं राहू दे, मग ये," असं म्हणत मैत्रिणीनं मला दोन वर्षं थोपवून धरलं होतं. आता ती स्वतःच बेड्याशी उभी होती. तिच्या मागं खळ्यात सुपारी वाळत पडलेली आणि त्यामागं घर. तिच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्याचं, बसकं, कौलांचं वजन खांद्यावर शांतपणे पेलणारं.

पायऱ्या चढून पडवीत, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात. प्रत्येक उंबऱ्यापाशी उजेड थोडा कमी होतो आणि गारवा थोडा वाढतो. माजघरात मी नुसती उभी राहिले. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू कोनाडे दिसले, झोपाळ्याच्या कड्या दिसल्या, फणसाचा खांब दिसला. बसलेल्या माणसाची पाठ जिथं टेकते तेवढाच तो गुळगुळीत झालेला. उंबऱ्यालाही मधोमध पावलांनी खळगा पाडलाय. तो तिनं बुजवला नाही, हे मला फार आवडलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिचा नवरा घर कसं पडलं ते सांगत होता. मला वाटलं होतं, निसर्ग वादळानं पाडलं असेल. ३ जून २०२० च्या त्या वादळात दापोली, मंडणगडच्या किनाऱ्यावरची आगरंच्या आगरं आडवी झाली, पोफळी मधोमध मोडल्या, छपरं उडाली. तो म्हणाला, "वादळानं पाठची पडवी घेतली, खरंय. पण घर त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होतं."

घर बंद होतं. वानरांच्या उड्यांनी एक कौल सरकलं. एकच. ते जागेवर बसवायला कोणी नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात खालचा वासा भिजला. पुढं त्याला वाळवी लागली, वासा वाकला, तशी शेजारची कौलं घसरली आणि पाणी भिंतीवर उतरलं. चिरे मातीत रचलेले. सांध्यातली माती आतून विरघळत गेली, आणि बाहेरून भिंत उभीच दिसत होती. वाऱ्याला मग फक्त लोटायचं उरलं.

घर बंद व्हायच्या आधी कुणीतरी ओल थांबावी म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. घर पुन्हा बांधताना जवळच्या गावातल्या म्हाताऱ्या गवंड्यानं तो आधी सगळा टाचून काढायला लावला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती आतच कोंडतं आणि आतला जांभा भुसभुशीत होतो. मग चुना भिजत घातला गेला. पडलेल्या भिंतीचेच चिरे निवडून पुन्हा रचले. वाशांना काजूच्या टरफलाचं काळं तेल दिलं. ज्या घरांवर पत्रे चढत होते, तिथून मैत्रिणीनं जुनी कौलं मागून आणली. एकाच्या पोटावर बासेल मिशनचा ठसा आहे. त्या मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. ते कौल तिनं शोभेला ठेवलं नाही, छपरावरच बसवलं. तिथंच ते हवं.

सकाळी जाग आली ती काचेच्या कौलातून आलेल्या उजेडानं. माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर वीतभर उन्हाचा चौकोन पडला होता. चहा होईपर्यंत तो हातभर सरकला, आंघोळी होईपर्यंत खांबाला टेकला. या घरातल्या बायका त्यावरूनच भात चुलीवर चढवायची वेळ ठरवत असतील, असं मनात आलं. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

दुपारी कड्यावरच्या गणपतीला गेलो. दर्शन झालं, समुद्रात सुवर्णदुर्ग दिसला. पण माझे डोळे खाली माडांमधल्या छपरांवरच. निळे पत्रे, लाल पत्रे, मधूनच कौलं. आणि काही कौलारू छपरं मध्यावर किंचित खचलेली, पाठीत बाक आल्यासारखी. दोन दिवसांपूर्वी मला तो बाक कळलाही नसता.

रविवारी निघताना मैत्रिणीनं किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात दिली. काकू रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावतात आणि घटकाभर चूल पेटवतात. धूर वर वाशांपर्यंत गेला की वाळवी येत नाही. गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते. कौलांच्या फटींतून निळसर धूर निघत होता.

कोकणात तुमचं घर बंद असेल तर मे महिन्यात एकदा जा. पाऊस यायच्या आत कौलं शाकारून घ्या.