हंगामाच्या रात्री

दिवाळी सरते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि सांगली-कोल्हापूरपासून सोलापूर-नगरपर्यंतच्या रस्त्यांना मळीचा वास सुटतो. हंगाम लागला म्हणून गावं हरखतात. मला मात्र तुम्ही आठवता, एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून घराकडे निघालेल्या पोरांनो.

समोरचा अप्पर टाकूनच येतो. डिपर देण्याची रीत उरलीच नाही. डोळे दिपतात, सावरायला क्षण लागतात, आणि ताशी साठच्या वेगात एका सेकंदाला जवळपास १७ मीटर रस्ता सरतो. त्या न दिसलेल्या रस्त्यात ट्रॅक्टरला जोडलेली दुसरी ट्रॉली असते; पंक्चर होऊन उभी, नाहीतर उभी वाटावी इतकी हळू चाललेली. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर फडातल्या चिखलानं माखलेला, लोंबत्या उसाआड गेलेला. पुढं टेप इतका मोठा, की तुमची धडक कधी कधी ट्रॅक्टरवाल्याला ऐकूही जात नाही.

त्याच्यावर रागवावं तर त्याचे डोळे आठवतात. खेपांवर पोट, नंबराला लागून काढलेल्या रात्री, आणि मागं भरल्या उसावर टोळीतली बायामाणसं, त्यांच्या कुशीत लेकरं. ट्रॉली उलटली की तीही जातात.

तुमची गाडी घरात आली तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, गल्लीभर पेढे. चैन नव्हती ती. रात्री पाळी सुटल्यावर गावाला एसटी नाही, म्हणून हप्त्यानं घेतलेली गाडी. हेल्मेट तेवढं आरशाला लटकत राहिलं. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेली, दुचाकीवरची, ५०,०२९. या आकड्यात तुम्ही आहात, आणि आकड्यात तुम्ही कुणालाच दिसत नाही.

पेपरात चार ओळी येतात: गाव, वय, जागीच ठार. मग फाट्यावर फ्लेक्स लागतो. गॉगल, नवा शर्ट, त्याच गाडीवर बसून काढलेला फोटो. त्याखालून तुमचेच मित्र ट्रिपल सीट, सुसाट जातात. थांबा रे, असं ओरडावंसं वाटतं. गाडीचे उरलेले हप्ते फेडत तुमची आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते, हे त्यांना ठाऊक आहे.

हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात. दोन-चार खेपांत ते चिखलाखाली जातात. पण प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर थांबतेच. तिथं उसाचा किलोन् किलो मोजला जातो. तिथंच लाल पट्टीचा रोल घेऊन एक माणूस रोज रात्री उभा करा. मागचा दिवा लागत नसेल तर ट्रॉली फाटकाबाहेर सोडू नका. रांग वाढेल, वाहनमालक भांडतील, गाळप तासभर मागं पडेल. पडू दे.