एकट्याने साल्हेर

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, हे शाळकरी मुलेही सांगतात. त्याच्या खालोखालचा मान साल्हेरचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग प्रदेशालगत हा दुर्ग उभा आहे. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातील कोणत्याही किल्ल्याचा माथा याहून उंच नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत साल्हेरचाही समावेश आहे.

आपल्या वाचकांना हा परिसर अगदीच अनोळखी नसावा. मांगीतुंगीच्या यात्रेस जाताना ताहाराबाद येथे रस्ता फुटतो. एक वाट सिद्धक्षेत्राकडे जाते, दुसरी मुल्हेरमार्गे साल्हेरकडे. आजवर तीनदा मी पहिल्या वाटेने गेलो होतो. दुसरी वाट आम्ही चौघा सहकाऱ्यांनी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवली होती. पुढे एक मित्र निवर्तले, दोघांच्या गुडघ्यांनी कायमची रजा घेतली. उरलो मी एकटा. वय सहासष्ट.

घरात अर्थातच विरोध झाला. ‘बाबा, हट्ट कशासाठी?’ हा मुलीचा प्रश्न रास्त होता. डॉक्टरांची तपासणी करून घेतली आणि तिला दोन वचने दिली : निघताना व परतताना दूरध्वनी करीन, आणि दुपारी एक वाजता जेथे असेन तेथून मागे फिरेन. मग शिखर हाताच्या अंतरावर असले तरी.

डिसेंबरातील एका पहाटे वाघांबे गावातून निघालो. ज्यांच्या ओसरीवर रात्री मुक्काम केला होता, त्या गृहस्थांनी विचारले, ‘बाबा, एकटेच निघालात? पोराला संगे देऊ का?’ मी नम्रपणे नकार दिला. पण कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे त्यांना नीट सांगून ठेवले.

साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्यामधील खिंडीपर्यंतची चढण दमवणारी आहे. पायांखाली घसरडा मुरूम, अंगावर येणारा चढ आणि अधूनमधूनच सावली. सोबती असले की माणूस गप्पांच्या ओघात चालतो. एकट्याला आपला श्वास सारखा ऐकू येतो. वीस मिनिटे चाल आणि पाच मिनिटे विश्रांती, असा क्रम ठेवला. खिंडीत पोहोचलो तेव्हा समोर सालोट्याचा काळा कातळ उन्हात उजळला होता.

खिंडीनंतर खऱ्या किल्ल्यास आरंभ होतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, आणि त्यानंतर कड्याच्या कुशीतून जाणारी आडवी वाट. एका अंगास खोदीव गुहा, दुसऱ्या अंगास दरी. येथे डोळे पावलांवरच ठेवावे लागतात. पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या आहेत. त्या घडविणाऱ्या हातांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

१६७२ च्या आरंभी याच गडाच्या पायथ्याशी मोठे रण माजले. गडास मोगलांचा वेढा पडला असता मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर चालून आले आणि मराठ्यांनी खुल्या मैदानात मोगली फौजेचा पराभव केला. या युद्धात सूर्याजी काकडे धारातीर्थी पडले. ज्या वाटेवर मी दहा दहा पावलांनी थांबत होतो, तशाच वाटांवरून त्या काळी धान्य आणि दारूगोळा वर जात असे.

माथ्यावरील गंगासागर तलावापाशी आलो तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता. वर आणखी एक सुळक्यासारखी टेकडी, आणि तिच्यावर परशुरामाचे लहानसे मंदिर. पृथ्वीचे दान दिल्यावर परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी आख्यायिका आहे. मंदिर स्पष्ट दिसत होते. अर्ध्या तासाचा चढ असावा. तेथून मांगीतुंगीची जुळी शिखरे दिसतात, असे गावात ऐकले होते.

पाण्याकाठी बसून विचार केला. पाय चालण्यास तयार होते, परंतु उजवा गुडघा उतारापूर्वीच कुरकुरू लागला होता. उताराच्या पायऱ्या संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात गाठणे मला नको होते. बँकेत असताना कर्जाची मंजूर मर्यादा ओलांडू पाहणाऱ्या भल्या भल्या ग्राहकांना मी नकार दिला होता. तोच नियम स्वतःस लावताना मात्र जड गेले, हे खरे. त्या तिघांना मनोमन सांगितले, ‘येथवर आलो.’ शिदोरीतील दशमी खाल्ली आणि एकच्या ठोक्याला पाठ फिरवली.

उतरण्यासही बराच वेळ लागला. दिवस मावळण्याआधी वाघांब्यात पोहोचलो. ओसरीवरील गृहस्थ वाटेकडे डोळे लावून उभेच होते. मुलीला दूरध्वनी केला. तिने प्रथम वेळ विचारली, शिखराचे नंतर.

ज्येष्ठ वाचकांपैकी कोणास जावेसे वाटल्यास हिवाळ्यात जावे, पहाटे निघावे, तीन लिटर पाणी व काठी जवळ बाळगावी आणि परतण्याची वेळ घरीच ठरवून निघावे. शक्य असेल तर गावातील वाटाड्या घ्यावा. पुढच्या वर्षी मीही घेणार आहे; परशुरामाच्या मंदिरापासून मांगीतुंगी पाहायची अजून राहिली आहे.