डावा ब्रेक, उजवा ब्रेक

मैत्रिणींनो, साठी ओलांडलेली एक बाई परदेशात जाऊन जंगलातून सायकल चालवत गेली असं कुणी सांगितलं, तर तुम्ही काय म्हणाल? ‘काय बाई एकेकीची हौस!’ असंच ना? मीही तेच म्हटलं असतं. पण ती बाई मीच, तेव्हा आता म्हणायची सोय राहिली नाही!

सायकल मला येत होती हो. सांगलीला शाळेत असताना भाड्याची छोटी सायकल घेऊन, गुडघे फोडून घेत शिकले. कॉलेजात गेल्यावर वडिलांनी हिरवी लेडीज सायकल घेऊन दिली. १९८६ मध्ये लग्न होऊन कऱ्हाडला आले, तेव्हा ती सायकलही पाठोपाठ ट्रकमधून आली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आता कशाला गं सायकल? मंडई तर दाराशी आहे.” रागावून नव्हे, अगदी सहज. सायकल परसात भिंतीला टेकली ती टेकलीच. १९८८ मध्ये बाळंतपण उरकून लेकीला घेऊन माहेराहून परत आले, तर भिंतीपाशी नुसती गंजाची रेघ. कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. तान्हं मूल हातात असताना सायकलीची चौकशी कुठं करत बसायची?

तीच लेक आता नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तूर नावाच्या गावी असते. गेल्या वर्षी मे महिन्यात हे आणि मी तिच्याकडे गेलो होतो. तूर हे ल्वार नदीकाठचं गाव. ल्वार म्हणजे फ्रान्समधली सगळ्यांत लांब नदी, हजार किलोमीटरांहून अधिक. पात्र रुंद, मधेमधे वाळूची बेटं, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षमळे नि सपाट शेतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्रान्सचे राजे या मुलखात फार रमले. त्यांनी आणि त्यांच्या सरदारांनी इथं वाडे बांधले. दगडही इथलाच, पांढरा नि मऊ. तो काढून झालेल्या पोकळ्यांत कुणी दारूची पिंपं ठेवतं, कुणी अळिंब्या पिकवतं, कुणी चक्क दारं-खिडक्या बसवून संसार थाटलाय!

आता या नदीच्या सोबतीनं जवळजवळ नऊशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. सत्तरीच्या आजीबाई टोपलीत पाव ठेवून मजेत चाललेल्या दिसतात. लेकीनं माझी नजर ओळखली असावी. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्यासाठी भाड्यानं सायकल आणली. जाड खरबरीत टायरांची, गिअरची, माउंटन बाइक! “अगं, इथं डोंगर कुठाय?” मी विचारलं. तर म्हणाली, “आई, डोंगरासाठी नाही. आपल्याला जंगलातल्या खडीवरून नि मुळांवरून जायचंय. इथं हिला ‘वेतेते’ म्हणतात, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी सायकल.”

आठवडाभर रोज सकाळी नदीकाठी सराव केला. पहिल्या दिवशी पाय लटपटले, तिसऱ्या दिवशी हात सुटून घाम पुसता आला. मग बेत ठरला: आंब्वाझपर्यंत आगगाडी, तिथून जंगलातून शनॉन्सोचा वाडा. साधारण पंधरा किलोमीटर.

हे ऐकताच म्हणाले, “काही नको. डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीयत म्हणून सांगितलंय ना? परमुलखात पडलीस तर कुणाच्या नावानं हाका मारायच्या?” त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. भीती खरीच होती. पण अडतीस वर्षांत पहिल्यांदाच मी म्हटलं, “मी जाणार आहे.” मोठ्यानं नाही, भांडून नाही. पोळीवर तूप लावता लावता म्हटलं. हे काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. मी रेल्वेनं येतो. दारात भेटू.”

आंब्वाझ वीस मिनिटांवर. सायकली गाडीच्या डब्यातच ठेवता येतात, त्याचं मला कोण अप्रूप! पूल ओलांडताना समोर राजवाडा दिसतो. तिथून जवळच क्लो ल्युसे नावाची हवेली आहे. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये फ्रान्स्वा राजाच्या बोलावण्यावरून या गावी आला आणि १५१९ मध्ये त्या हवेलीतच वारला. येताना ‘मोनालिसा’ही बरोबर होती म्हणतात. चौसष्ट वर्षांचा होता तो. आल्प्स ओलांडून, नव्या देशात! मी मनात म्हटलं, ‘आपल्याला तर पंधराच किलोमीटर जायचंय.’

गाव संपून जंगल लागतं, तिथं एका तळ्याकाठी सात मजल्यांचा चिनी धाटणीचा मनोरा आहे. शनतलूचा पॅगोडा. चव्वेचाळीस मीटर उंच. राजाच्या मर्जीतून उतरलेल्या श्वाझल नावाच्या मंत्र्यानं, हद्दपारीतही जे मित्र भेटायला आले त्यांची आठवण म्हणून, १७७५ पासून तो बांधवून घेतला. त्याचा भलाथोरला वाडा पुढं पाडला गेला. मित्रांसाठी बांधलेलं तेवढं उभं आहे. तिथं गवतावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. लेकीनं बकरीच्या दुधाचं चीज आणलं होतं, मधोमध गवताची काडी घातलेलं. चटणीबरोबर झकास लागलं!

आणि मग घोळ झाला. ओकच्या झाडांतून वाट उताराला लागली. सायकलनं वेग घेतला. सवयीनं मी डावा ब्रेक दाबला. आपल्याकडच्या सायकलींचा डावा ब्रेक मागच्या चाकाला असतो, उजवा पुढच्या. फ्रान्समध्ये बरोबर उलट! लेकीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण डोक्याला कळलेलं हाताला कुठं कळतं? पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी त्याच्यावरून खडीत.

गुडघा फुटला, तळहात सोलवटला. हाड मात्र शाबूत. लेक पांढरीफटक पडली. “आई, बाबांना फोन करू? टॅक्सी बोलवू?” मी तिथंच बसून राहिले. खरं सांगते, दुखण्यापेक्षा ‘सांगितलं होतं ना’ हेच शब्द कानात घुमत होते. टॅक्सी बोलावली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण मग परसातल्या त्या भिंतीसारखंच झालं असतं. कुणी काही बोलायचं नाही, आणि सायकल पुन्हा नाहीशी.

पर्समध्ये हळदीची पुडी होती. जखम धुतली, हळद दाबली, रुमाल बांधला. लेकीला म्हटलं, “आधी उजवा, मग हळूच डावा. असंच ना?” आणि पुन्हा बसले. उरलेली वाट मी तोंडानं ‘आधी उजवा, आधी उजवा’ असा जपच करत काटली!

शनॉन्सोचा वाडा शेर नदीच्या पात्रावर कमानींवर उभा आहे. त्याला बायकांचा वाडा म्हणतात, आणि ते खोटं नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उभा राहिला तेव्हा घरधनी लढायांच्या कामानं दूर इटलीत असे. बांधकामावर देखरेख केली ती त्याची बायको कातरीन ब्रिसोने हिनं. पुढं दियान द प्वातिए हिनं नदीवर पूल घातला. तिच्याकडून वाडा काढून घेणाऱ्या कातरीन राणीनं त्याच पुलावर साठ मीटर लांबीचा दिवाणखाना चढवला. स्वयंपाकघर तर पुलाच्या खांबांत आहे. सामान होडीतून थेट दारात! मला तिथून हलवेना. पहिल्या महायुद्धात त्याच दिवाणखान्यात इस्पितळ होतं. तिथं दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांची शुश्रूषा झाली. मालकांच्या घरची सून सिमोन मेनिए तिथली मुख्य परिचारिका होती.

पण हे सगळं नंतर पाहिलं. आधी झाडांच्या रांगेखाली, फाटकापाशी हे उभे दिसले. दोन तास उभेच असावेत. त्यांनी गुडघ्यावरचा रुमाल पाहिला. मी श्वास रोखून ‘सांगितलं होतं ना’ची वाट पाहिली. ते पुढं आले, माझ्या हातातून सायकल घेतली आणि नीट स्टँडला लावून आले.

त्या लांब दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला एक दार आहे. १९४० ते १९४२ या काळात अलीकडचा काठ जर्मनांच्या ताब्यात आणि पलीकडचा मोकळा होता. किती तरी जणांना त्या दारातून पलीकडं काढून देण्यात आलं. आम्ही दोघं तिथल्या खिडकीशी उभे होतो. खाली नदी संथ वाहत होती. हे एकाएकी म्हणाले, “तुझी ती हिरवी सायकल. मीच दिली भंगारात. चाळीस रुपयांना. तुला विचारायला हवं होतं.”

छत्तीस वर्षांनी!

“मला वाटलंच होतं,” मी म्हटलं.

“मग बोलली का नाहीस?”

त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही नीट देता येईल असं नाही. गुडघा मात्र ठणकत होता, आणि का कोण जाणे, बरं वाटत होतं.

मैत्रिणींनो, तुम्हालाही पुन्हा सायकल धरावीशी वाटली, तर एवढं ऐका. हाडांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बसण्याची उंची अशी ठेवा, की पाय खाली गेला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. ओढणी घरी ठेवा, नाहीतर चाकात जाते. आणि अनोळखी सायकलवर बसण्यापूर्वी उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक दाबून बघा, कुठला कुठल्या चाकाचा ते.

कऱ्हाडला परतल्यावर मी सायकल घेतली. परसातल्या त्याच भिंतीला टेकलेली असते. रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येते. परवा हे चाक दाबून बघत होते. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हवा कमी वाटतेय. नेऊ का भरायला?”

मी म्हटलं, “न्या. पण परत आणा हं!”