वर्ध्यापर्यंतचा ड्रेस

रविवारी रात्री नऊनंतर कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर जरा उभे राहा. घोड्यावर स्वार ताराराणींचा पुतळा, आसपास पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स आणि बॅगा सांभाळत उभी असलेली पब्लिक. फुकटातला फॅशन शो! सोमवारी सकाळी थेट हिंजवडीचं ऑफिस गाठणारा एखादा पठ्ठ्या इस्त्रीचा फॉर्मल शर्ट घालूनच स्लीपरमध्ये चढतो. (सकाळी त्या शर्टाचं काय होतं, ते विचारू नका.) एखादी पोरगी अंगाला चिकटलेल्या जीन्समध्ये, तर तिची रूममेट ढगळ ट्रॅक पँट आणि भावाच्या टी-शर्टात. आणि या सगळ्यांत एक काकू हमखास असतात. सिल्कची साडी, मॅचिंग बांगड्या, केसांत गजरा. रात्रभराच्या प्रवासाला!

प्रवासात काय घालावं याच्या टिप्स ढिगाने मिळतात. सुती घाला, सैल घाला, गडद रंग घ्या, एकावर एक पातळ थर चढवा. सगळं बरोबरच आहे. स्टार मंडळींचे ‘एअरपोर्ट लूक’ तर आपण रोज बघतो, पण त्यांना बर्थवर चढायचं नसतं. मला विचाराल तर लांबच्या प्रवासाच्या कपड्यांची परीक्षा एकच. ते घालून तुम्ही बिनधास्त पाणी पिऊ शकता का?

पुरुष वाचक गोंधळले असतील. बायकांना एव्हाना कळलंय.

माझी ताई नागपूरला दिली आहे. कोल्हापूरहून नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूर ते गोंदिया, १,३०० किलोमीटरहून जास्त अंतर, २८ तासांच्या आसपास, आणि एवढं जाऊनही गाडी राज्याची हद्द काही ओलांडत नाही. दुपारी निघायचं, रात्री पुणे, सकाळी भुसावळ आणि नागपूर येईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार कललेली. डिसेंबरात दौंड सोडलं की स्लीपरच्या खिडकीच्या फटीतून असा वारा येतो की आजोबांची घोंगडी आठवते. आणि मे महिन्यात भुसावळच्या पुढे तीच खिडकी भट्टीचं तोंड होते. एकाच तिकिटात दोन ऋतू!

या गाडीत बाबांचा कार्यक्रम ठरलेला. मिरज गेलं की पँट उतरते, लुंगी चढते. वर बनियन. संपली तयारी. सगळा डबा म्हणजे त्यांना आपल्या घराची ओसरी वाटते. आई मात्र नेसत्या साडीत, पिना टोचलेल्या पदरासह खिडकीशी ताठ बसून. आणि तिच्या पाण्याच्या बाटलीचं बूच नागपूरपर्यंत उघडायचं नाही.

“तहान नाही गं मला,” असं ती म्हणायची. २४ तास तहान नाही? खरं कारण डब्याच्या टोकाला होतं. हलत्या गाडीत, ओल्या फरशीवर, सहावारी साडी आणि परकर सांभाळायचा. एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने निऱ्या आवरायच्या, पदर तोंडात. नळ सोडायला आणि दाराची कडी दाबून धरायला अंबाबाईसारखे चार हात हवेत. त्यात आईचे गुडघे दुखरे. मग सोपा उपाय काय? प्यायचंच नाही. चहासुद्धा नको. कमी पाणी पिणं आणि तासन्‌तास रोखून धरणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण, हे नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा आई ताईच्या घरी दोन दिवस तापाने झोपून होती. ‘प्रवासात पाणी किती प्यालात?’ यावर आई गप्प. बाबा म्हणाले, “प्यायचं की मग. कोण नको म्हणालंय?”

बाबांना लुंगीत बसून हे म्हणणं सोपं होतं.

गंमत म्हणजे आमच्या आजीला हा प्रश्न एवढा नव्हता. तिचं नऊवारी. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे नऊ वारांत सव्वाआठ मीटर कापड. ऐकून जीव दडपतो, पण कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे. त्यात शेतात वाकता येतं, घाट चढता येतो, घोड्यावर मांडही टाकता येते. परकराची भानगडच नाही. चालण्या-वावरण्याच्या हिशेबाने बघितलं तर नऊवारीतून सहावारीत येणं ही प्रगती होती की अधोगती, याबद्दल मला शंकाच आहे. शहरी, नाजूक, फॅशनेबल म्हणून सहावारी आली आणि बायकांची पावलं परकराच्या घेरात अडकली.

आजारपणानंतर मी आणि ताईने फोनवरच ठराव पास केला की आईने प्रवासात पंजाबी ड्रेस घालायचा. आईचं उत्तर अस्सल कोल्हापुरी. “मला शोभतंय होय असलं? आणि व्याह्यांच्या दारात ड्रेस घालून उतरू?”

इथे गाडी अडली. साडी कुणासाठी होती, हे मला तेव्हा समजलं. प्रवासातल्या २४ तासांसाठी नव्हतीच ती, होती फलाटावरच्या पाच मिनिटांसाठी. मुलीची आई विहीणबाईंसमोर कशी उतरते, त्यावर मुलीचा मान ठरतो, असं आईच्या पिढीचं गणित. चूक म्हणून सोडून द्यावं, इतकं ते साधं नाही. आईचा अर्धा जन्म अशा फलाटांवर गेला आहे.

तरी बायका यातून वाट काढतातच. अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या कितीतरी काकूंच्या आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस विमानासाठी शिवला गेला. केसरी, वीणा वर्ल्डच्या बायकांच्या सहलींमध्ये तर साडीवाल्या आज्या बघता बघता जीन्समध्ये दिसू लागल्या. आणि ट्रेनमधला तो महान शोध, गाऊनवर ओढणी! त्याचं पेटंट घ्यायला हवं होतं कुणीतरी. लाज राखली आणि झोपही झाली. तात्पर्य काय, घरापासून दूर गेलं की परवानगी आपोआप मिळते. आईची अडचण एवढीच होती की तिच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना नातेवाईक होते.

शेवटी तोडगा तिनेच काढला. “वर्ध्यापर्यंत घालीन. पुढं साडी.” वर्धा ते नागपूर गाडी तासभर तरी घेते. हिशेब पक्का होता.

मग महाद्वार रोडवर कापड घ्यायला गेलो. इचलकरंजीसारखं कापडाचं गाव तासाच्या अंतरावर असताना दुकानदार आधी चकचकीत सिंथेटिकच पुढे करतो, हे एक कोडं आहे. (सिंथेटिक चुरगळत नाही हे खरं, पण मे महिन्यात अकोल्याजवळ ते अंगाला कसं चिकटतं, हे त्याला कोण सांगणार?) आम्ही पातळ, धुऊन मऊ झालेलं सुती घेतलं. टेलरने विचारलं, “माप कुणाचं?” आई पटकन म्हणाली, “हिचंच. पण चांगलं चार बोटं सैल शिवा.” मी आईपेक्षा बरीच बारीक आहे. टेलर शहाणा माणूस. त्याने आईकडे एकदा बघितलं, काही न बोलता टेप उचलला आणि सैलपणा बरोबर अंदाजाने ठेवला.

सलवारीला नाडी नाही, इलॅस्टिक, तेही रुंद, म्हणजे पोटाला काचत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवावं, कारण केबिनमध्ये हवेचा दाब कमी असतो, पोटातला वायू फुगतो आणि जीन्सचं बटण शत्रू होतं. पायघोळ पतियाळा बाद. सलवार घोट्याच्या वर संपणारी, म्हणजे ओल्या फरशीला लागायला नको. कुर्ता गुडघ्याएवढा, बाजूचे कट मोठे. आणि खिसा! चेनवाला, आतून शिवलेला. तिकीट, फोन, सुट्टे पैसे त्यात गेले की पर्स उशाखाली घेऊन झोपायची कटकट संपली. ओढणी मोठी, सुती. तीच चादर, तीच उशी, तोच पडदा.

चपलांवरून मात्र भांडण झालं. कोल्हापूरची बाई नागपूरला जाणार आणि पायात रबरी स्लिपर? २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला चालवल्या आणि इथे केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? अभिमान मलाही आहे, पण ट्रेनच्या बाथरूममध्ये कातडं भिजवायचं नाही, आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की ते सुजतात, मग कोल्हापुरीचा अंगठा रुततो. पोटऱ्या हलत नाहीत, रक्त खाली साचतं, म्हणून अधूनमधून उठून चालायचं. साडीत आई उठायचीच नाही.

पहिल्या प्रवासात सांगलीपर्यंत तिने ओढणी शालीसारखी गुंडाळून घेतली होती. ओळखीचं कुणी चढलं तर? पुण्यानंतर डब्यातले दिवे गेले आणि ती पाय वर घेऊन मांडी घालून बसली. सकाळी भुसावळला तिने चहा मागवला. जळगाव-भुसावळकडची केळी खाल्ली. अकोल्याच्या आधी बाटली रिकामी. बाबांना म्हणाली, “भरून आणा की.”

वर्ध्याला मी दोन बर्थच्या मधे चादर धरून उभी राहिले. आतून निऱ्यांचा सळसळ आवाज. सहा मिनिटांत आई तयार, पदराला पिना टोचलेल्या. नागपूरच्या फलाटावर विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, “इतक्या लांबून आलात असं वाटतच नाही हो तुमच्याकडे बघून!”

माझ्या मैत्रिणींना हे पटत नाही. एवढं केलंत तर तशीच उतरायचं होतं ना, म्हणतात. मला नाही वाटत. आईच्या मानाची लढाई माझ्या हौसेसाठी तिने का लढावी? त्यानंतर चार वेळा ती नागपूरला गेली आहे, दर वेळी वर्ध्याला साडी नेसली आहे, आणि एकदाही आजारी पडलेली नाही.

गेल्या महिन्यात दुसरा ड्रेस शिवायला टाकला. या वेळी गडद निळा, चहाचे डाग दिसू नयेत म्हणून. आणि खिसे दोन्ही बाजूंना हवेत म्हणाली.