सेल संपेपर्यंत

रॉक आणि पॉप संगीताचा इतिहास सांगणाऱ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. ५ जुलै १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सुलिव्हनच्या कार्यक्रमातून अमेरिकेच्या दिवाणखान्यांत शिरले. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक झालं. २५ मार्च १९८३ ला पॅसाडेनाच्या रंगमंचावर मायकल जॅक्सन चालला पुढे आणि सरकला मागे. पुण्यामुंबईकडच्या जाणकारांची आणखी एक पुरवणी असते: पाचगणीच्या शाळेत फ्रेडी मर्क्युरी ‘द हेक्टिक्स’मध्ये पियानो वाजवायचा, जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि १ नोव्हेंबर १९९६ ला जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचला. मिरवायला चांगली यादी आहे. तिच्यात भंडाऱ्याचं नाव नाही, आणि ते असण्याचं काही कारणही नाही. आमच्याकडे तांदूळ पिकतो, तळी आहेत, पितळेची भांडी होतात. कुणी गिटार घेऊन वैनगंगेच्या काठी उतरल्याची नोंद नाही.

पण हा सगळा इतिहास गाणं जिथे गायलं गेलं तिथून लिहिलेला आहे. ते जिथे ऐकलं गेलं तिथून तो कुणी लिहीत नाही. ऐकायला साधन लागतं, आणि साधन कशाचं तरी बनलेलं असतं. त्या ‘कशाचं तरी’मध्ये भंडारा येतो. एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्यांदा येतो तो पळसावरून. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. फांद्या खरवडून, धुऊन, वितळवून त्याची चपडी लाख होते. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि तिथे लाखेचे कारखाने होते. लाख म्हटलं की आपल्याला बांगड्या, कुलपावरची मोहोर किंवा लाकडावरचं पॉलिश आठवतं. पण १८९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अर्धशतकाहून जास्त काळ जगातल्या बहुतेक तबकड्या लाखेच्या मिश्रणातूनच दाबल्या जात. दगडाची भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी लाख. ती जाई मुख्यतः हिंदुस्थानातून. कुठल्या तबकडीत कुठल्या झाडाची लाख गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. व्यापाऱ्याच्या पोत्यात सगळ्या जंगलांचा माल एक होतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. पॉप गाणं तीन मिनिटांचं का, याचं उत्तर पुष्कळजण श्रोत्यांच्या घाईत शोधतात. ते तबकडीच्या घेरात आहे. गाण्याला सवय लागली, ऐकणाऱ्यालाही लागली, आणि तबकडी गेली तरी सवय उरली. आपल्याकडच्या शास्त्रीय गायकांनाही याच चिमट्यातून जावं लागलं. तास-तास राग मांडणाऱ्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांत संपते. ही गोव्याच्या केरी गावात जन्मलेली बाई आणि ‘जॉनी बी. गुड’ गाणारा चक बेरी १९७७ मध्ये एकाच तबकडीवर बसून पृथ्वीबाहेर गेले. व्हॉयेजर यानांवरची ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यावर रॉकचं गाणं एवढं एकच, आणि हिंदुस्थानी राग एवढा एकच. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मला विचाराल तर रॉकच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच. तिथे चक बेरीला टाळ्या मिळण्याची शक्यता नाही आणि केसरबाईंना तर टाळ्यांची फिकीर कधी नव्हतीच.

लाखेने आणखी एक गोष्ट केली, तीही न मिळून. दुसऱ्या महायुद्धात समुद्री वाटा अडल्या आणि सैन्यालाही लाख हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कापला. नवी तबकडी हवी असेल तर जुनी आणून द्या, असं दुकानदार गिऱ्हाइकाला सांगू लागले. सैनिकांसाठीची गाणी व्हिनाइल या नव्या प्लॅस्टिकवर निघू लागली. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, व्हिनाइलची एलपी आली आणि १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची हलकी, न फुटणारी छोटी तबकडी. पोरांच्या खिशाला परवडणारी, दप्तरात मावणारी. रॉक अँड रोल जन्मला तो या सांध्यावर. एल्व्हिसची पहिली तबकडी लाखेतही निघाली आणि व्हिनाइलवरही. आपल्याकडे मात्र डमडमच्या कारखान्यात लाखेच्या तबकड्या पुढेही दाबल्या जात राहिल्या, इतक्या की बीटल्सची गाणीसुद्धा ७८ फेऱ्यांवर निघाली. जगात ग्रामोफोनला चावी देणं थांबलं होतं, आणि इथे चावीच्या ग्रामोफोनवर बीटल्स वाजू शकत होते. त्या तबकड्या मिळवण्यासाठी संग्राहक आज वाटेल तेवढे पैसे मोजतात.

दुसऱ्यांदा भंडारा येतो तो तुमसर तालुक्यातून. तुमसर रोडहून तिरोडीकडे जी फाट्याची रेल्वे जाते, ती गोबरवाहीच्या बाजूने मँगनीजच्या पट्ट्यातून जाते. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी तिथल्या. आधी इंग्रजांची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी होती, १९६२ पासून सरकारी कंपनी आली, तिला आज सगळे ‘मॉइल’ म्हणतात. मँगनीज म्हटलं की पोलाद, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण डोंगरी बुजुर्गची गोष्ट थोडी वेगळी. या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं, आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सेल बनवणारे कारखाने.

१८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसाने ज्या घटाची युक्ती काढली, तिचाच सुका अवतार म्हणजे आपला टॉर्चचा सेल. बाहेर जस्ताचं डबडं, मधोमध कोळशाची कांडी, नवसागर, आणि कांडीभोवती ठासून भरलेली काळी भुकटी. ती भुकटी मँगनीज डायऑक्साइडची, कोळशाची पूड मिसळलेली. वीज चालू असताना कांडीपाशी जे रासायनिक अडथळे साचतात ते ही भुकटी गिळते, म्हणून सेल चालत राहतो. तिची गिळायची ताकद संपली की सेल संपतो. संपलेला सेल दगडाने फोडणं हा आमच्याकडच्या प्रत्येक पोराचा उद्योग असे. कांडी पाटीवर रेघोट्या मारायला कामी यायची आणि भुकटीने हात काळे व्हायचे. ते हात घेऊन आत आलं की मार बसायचा. चार कोसांवरच्या डोंगराची माती कारखाना फिरून आपल्या अंगणात परत आली आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता पुन्हा १९५४. एल्व्हिसने जुलैत गाणं म्हटलं आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ हा विक्रीला आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला. चार ट्रान्झिस्टर, किंमत ४९.९५ डॉलर, खिशात मावणारा. इतिहासकार एल्व्हिसच्या कमरेबद्दल पानंच्या पानं लिहितात. मला त्या डबीचं महत्त्व जास्त वाटतं. तोवर रेडिओ दिवाणखान्यात, बापाच्या मालकीचा. डबी आली आणि पोरगं गाणं घेऊन घराबाहेर पडलं. बापाला न विचारता ऐकता येईल असं संगीत त्यानंतरच मोठं झालं. पण डबीला बाहेर काढणारा होता सेल. तारेचं शेपूट तोडण्याचं काम त्यानेच केलं.

भंडाऱ्यात १९५४ ची आठवण वेगळीच आहे. त्या वर्षी लोकसभेच्या पोटनिवडणुकीला इथून डॉ. आंबेडकर उभे होते आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, आणि वामनदादा कर्डकांसारख्या गायकांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली. पुढे कॅसेट आली तेव्हा १४ एप्रिलला सगळ्यात आधी वाजायची ती हीच गाणी. ढोलक, हार्मोनियम, कोरस, सोपी चाल आणि चौकात उभं राहून एकत्र म्हणता येईल असं धृपद. रॉकच्या इतिहासाने ज्या गुणांसाठी बॉब डिलनला डोक्यावर घेतलं, ते सगळे इथे होते, आणि ऐकणाऱ्यांना त्यांची जास्त गरज होती. कुठल्या हिट परेडमध्ये ती गाणी कधी मोजली गेली नाहीत.

रॉक स्वतः मात्र आमच्याकडे आडवाटेने आला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, काही काळ नागपुरात संगीत शिकले होते. त्यांनी १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ दिलं, आणि एल्व्हिसचं नावही न ऐकलेल्या गावांत रॉक अँड रोल शिरला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. त्याआधी पाच वर्षं आकाशवाणीने सिनेसंगीत दूर ठेवलं होतं, त्यामुळे लोक रेडिओ सिलोनकडे वळले होते आणि बिनाका गीतमालेत अमीन सायानी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचत होते. त्या फर्माइशींत झुमरीतलैया गाव अजरामर झालं. तेही खाणीचं गाव, अभ्रकाचं, आणि अभ्रक रेडिओच्या कंडेन्सरमध्ये जायचं. ज्यांच्या जमिनीतून रेडिओ निघाला त्यांनीच रेडिओवर जास्तीत जास्त गाणी मागितली, हा योगायोग असेल तर सुरेख आहे.

ट्रान्झिस्टर गावात आला, पण गाणं फुकट नव्हतं. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, तो वर्षातून एकदाच. सेल मात्र पुन्हापुन्हा. म्हणून कुणाच्या घरी काय वाजायचं हे सेलच ठरवायचा. दुपारी पोरांनी गाणं लावलं की ओसरीवरून आवाज येई, “बंद कर गा, बातम्यांले सेल राहू दे!” मंद पडलेले सेल उन्हात ठेवायचे. थोडे गरम झाले, थोडी विश्रांती मिळाली की ते एखादं गाणं आणखी चालत. त्यात जादू नव्हती. भुकटीला जरा उसंत मिळे, एवढंच. दुकानात मिळायचा तो बहुतेक एव्हरेडीचा, नऊच्या आकड्यातून उडी मारणाऱ्या मांजरीचा. ती कंपनी युनियन कार्बाइडची. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये जे झालं त्यानंतर तेच नाव पेपरात रोज येऊ लागलं, तरी ते नाव आणि मांजर यांची सांगड घालायला आमच्या गल्लीला बराच वेळ लागला.

टेपरेकॉर्डर आला तेव्हा सेलचा आणखी एक गुण कळला. रेडिओत सेल उतरला की आवाज बारीक होतो. टेपमध्ये सेल उतरला की मोटर मंदावते, पट्टी सावकाश सरकते आणि गाणाऱ्याचा आवाज खाली जातो. ‘थ्रिलर’ची हातोहात फिरून झिजलेली कॅसेट आमच्याकडे अशीच ऐकली गेली. जॅक्सनचा तो पातळ, उंच आवाज दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत जाडाभरडा झालेला असायचा. मी कितीतरी काळ त्याला भरदार गळ्याचा माणूस समजत होतो. पुढे टीव्हीवर खरा आवाज ऐकला तेव्हा तोच खोटा वाटला. अमेरिकेतल्या समीक्षकांनी ऐकलेला जॅक्सन आणि आमचा जॅक्सन हे दोन वेगळे गायक होते, आणि आमचा घडवण्यात डोंगरी बुजुर्गचा हात होता असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती फार मोठी नाही.

तारखाही अशाच मागेपुढे व्हायच्या. आधी जॅक्सन आला, मग बीटल्स. एल्व्हिस सगळ्यात शेवटी, तोही शम्मी कपूर कुणासारखा नाचायचा हे सांगताना. मागे सरकण्याची ती चाल १९८३ ची, पण इकडे ती पोचली प्रभू देवाच्या पायांतून, १९९४ नंतर. शाळेच्या गॅदरिंगला पांढरे मोजे आणि काळी पँट घालून दोन पोरं हमखास घसरायची. तोवर वीज बरीच आली होती, लाउडस्पीकर होते, सेलची सद्दी संपत आली होती. आज हातातल्या फोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. अशा काही बॅटऱ्यांत मँगनीज अजूनही वापरतात, पण ती फोडून बघायचं धाडस कुणी करू नये.

दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून, भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत. खडी गंमतीत बाईचं सोंग घेणारा नाच्या असतो, शाहीर असतो, ढोलकी असते, आणि प्रेक्षक सकाळपर्यंत हलत नाहीत. साकोलीकडच्या एका मंडईत नाच्याने लावणी अर्ध्यावर सोडली, नऊवारीचा ओचा आवरला आणि मातीच्या आखाड्यावर चक्क जॅक्सनची चंद्रचाल केली. मातीत पाय घसरत नाहीत, म्हणून त्याने ती टाचांवर उचलून उचलून केली, आणि ती मूळ चालीपेक्षा अवघड होती. पोरांनी शिट्या मारल्या. ढोलकीवाल्याला मात्र त्या चालीला ताल कुठला लावावा ते सुचेना, तो थांबला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, “तो मागं जाते तं जाऊ दे गा, पन ढोलकी काहून थांबली?”

ढोलकी पुन्हा सुरू झाली, आणि नाच्या त्याच ठेक्यावर पुढे आला.