अण्णा नाईकांचं भरलेलं घर

खैरलांजी, जि. बालाघाट

प्रिय लहानी,

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं ठाणे येतं आणि तू "ठेवते गं बाई" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. वाचताना तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं: एकटेपणावर, एखाद्या माणसाच्या मागं झपाटल्यासारखं लागण्यावर काही बघायचं असेल तर 'रिप्ले'सारखं बघावं. आपल्या मराठी मालिकांत सुनेनं मागं वळून बघायला तीन दिवस लागतात आणि त्यात कला वगैरे काही नसते, जाहिराती असतात. दुसऱ्या अर्ध्याशी माझं भांडण नाही. सुना खरंच तीन दिवस वळत असतात.

'रिप्ले' मी बघितली, तुझ्याच पासवर्डवर. आठही भाग. २०२४ सालची मालिका आणि सगळी कृष्णधवल. स्टीव्हन झेलियननं पॅट्रिशिया हायस्मिथच्या १९५५ च्या कादंबरीवरून केलेली. त्यातला अँड्र्यू स्कॉट जिने चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. नावेत खून होतो तो पटकन, पण नंतर त्या प्रेताशी आणि त्या नावेशी त्याची जी झटापट चालते ती संपता संपत नाही, आणि सगळा वेळ एक शब्द कोणी बोलत नाही. पुढं रोममध्ये दुसरं प्रेत जिन्यावरून खाली ओढताना मांजर बघत बसतं. मलाच दम लागला. स्कॉटच्या टॉम रिप्लेला त्यानं नावेत मारलेला डिकी हवा आहे की डिकीचे कपडे, अंगठी, सही आणि खोली हवी आहे, हे त्याचं त्यालाही उमगत नाही. मालिका उत्तम आहे. तुझ्या दिग्दर्शकाचं मी काही कमी करत नाही.

पण 'रात्रीस खेळ चाले'ला तू "भुताची मालिका" म्हणून बाजूला टाकलंस, ते मला मान्य नाही. पहिलं पर्व २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर सुरू झालं, ते तू बघितलंस. सुरुवातीलाच अण्णा नाईक मरतात, पोरं-सुना वाड्यावर जमतात, मग अंधार, आवाज, एकमेकांवरचे संशय. ते मलाही फार मोठं वाटलं नव्हतं. दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये आलं आणि ते तू बघितलंच नाहीस. तिथं मालिका काळाच्या मागं गेली. अण्णा जिवंत, कर्ते, मिशीवर ताव. ज्या बाईच्या मागं ते लागणार ती शेवंता नुकती दिसू लागलेली.

आता बघ, काय झालं ते. शेवट सगळ्यांना ठाऊक होता. शेवंता पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा आपली म्हातारी मोठी माय सुपारी कातरत म्हणाली, "हे बाई मरते ना पुढं?" मरते. अण्णाही मरतो. मग ऑगस्ट २०२० पर्यंत, दीड वर्षाहून जास्त, रोज रात्री साडेदहाला आम्ही काय बघत होतो? पुढं काय होणार ही उत्सुकता उरलीच नव्हती. आम्ही शोधत होतो की हे नेमकं कुठं थांबवता आलं असतं. गावात कोणाच्या घरी वाईट झालं की बाया तेराव्यापर्यंत हेच बोलत बसतात: त्या दिवशी तो गेलाच नसता तर, तिनं तेव्हाच माहेर गाठलं असतं तर. रोजच्या मालिकेचा जो दोष, तिला पुढं सरकायची घाईच नसते, तो इथं कामाला आला. "कायले गेली त्याच्या समोर?" असं मोठी माय दर दोन-चार दिवसांनी शेवंताला विचारायची आणि शेवंता पुन्हा जायची.

तुला आश्चर्य वाटेल की मालवणी आम्हांला कशी कळली. मालिकेचा वाडा जिथं आहे ती आकेरी कुठं, सावंतवाडीजवळ, आणि आपण कुठं, मराठी मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेही कागदोपत्री हिंदी राज्यात. घरी पोवारी, बाजारात हिंदी, तुमसरच्या पाहुण्यांशी मराठी, अशा गावात मालवणीला पहिले काही दिवस कान द्यावा लागला, बस. अण्णा मात्र पहिल्या दिवशीच कळला. तिकडं खोत होते, आपल्याकडं मालगुजार. आजीच्या गोष्टी आठवतात तुला? मालगुजारी १९५१ साली गेली. त्यांनी बांधलेले तलाव राहिले, मोठाले दरवाजे राहिले, आणि दरवाज्यासमोरून जाताना चप्पल हातात घेणाऱ्या पिढीची आठवण राहिली. गरिबाच्या जमिनीकडे आणि गरिबाच्या बायकोकडे एकाच नजरेनं बघणारा माणूस ओळखायला आपल्या बायांना भाषांतर लागत नाही.

माधव अभ्यंकरांनी तो अण्णा जो केला आहे त्याबद्दल सगळे बोलतात, मी वेगळं काय सांगू. आवाज, मिशी, तो डोळा. माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्या माणसाचं घर भरलेलं आहे. बायको, पोरं, राबणारा पांडू, शेतावरची माणसं, अंगणात कोणी ना कोणी अडलेला नडलेला उभाच. आणि एवढ्या माणसांत एकही असा नाही ज्याच्याशी अण्णा हुकूम किंवा शिवी सोडून बोलू शकतो. बोलायची तिसरी रीत त्याला येतच नाही. शेवंतासमोर तो जरा वाकतो, लाघवी होतो, तेवढीच. आणि जिच्यासमोर वाकावं लागलं तिला सुटू द्यायचं नाही, असा त्याचा हिशेब आहे. ह्याला प्रेम म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांतल्या दोघी शिक्षिका आहेत, जाऊ दे.

टॉम रिप्लेला दुसऱ्याचं आयुष्य अंगात घालून बघायचं आहे. अण्णाला दुसऱ्याला स्वतःचं आयुष्य असावं हेच सोसत नाही. त्याचं शेत, त्याची बायको, त्याची संध्याकाळ, सगळं आपल्या नावावर चढायला हवं. तिकडं सातबाऱ्यावर, आपल्याकडं खसऱ्यात. टॉम रिकाम्या खोल्यांत एकटा आहे, म्हणून त्याचं एकटेपण कॅमेऱ्याला सोपं जातं: जिना दाखवा, पायऱ्या दाखवा, सावली दाखवा. भरल्या घरातला एकटा माणूस दाखवणं कठीण. त्याला वेळ लागतो, तीच ती जेवणं पुन्हा पुन्हा दाखवावी लागतात, तेच ते ओरडणं. आठ भागांत ते बसलं नसतं असं मला वाटतं. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर या मालिकेच्या लेखनातही होते. पांडूचं ते "इसरलंय" लोकांनी विनोद म्हणून उचललं, पण ज्या घरात लक्षात ठेवणं धोक्याचं आहे तिथं नोकरानं विसरभोळं असणं हे मला शहाणपणाचं वाटायचं.

आता आम्ही ती कशी बघितली ते ऐक, कारण मालिका एवढी चिकटण्यात त्याचाही भाग आहे. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ट्रायचा नवा नियम आला, ज्याला जो चॅनेल हवा त्यानं तो निवडून त्याचे पैसे भरायचे. तोवर जे येईल ते येत होतं. आपल्या पत्त्यावर मध्य प्रदेश दिसतं, म्हणून डिशवाला पोरगा हिंदीचा पॅक लावून मोकळा. मालिका सुरू होऊन महिना झालेला आणि मराठी गायब! मोठी माय दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसली. तिला रिचार्ज म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं, पण उठायचं नाही हे ठाऊक होतं. झी मराठी वेगळे पैसे भरून परत आलं. १९५६ साली नागपूर तिकडं गेलं आणि आपण इकडं राहिलो, त्याची किंमत आम्ही अजून दरमहा भरतो असं मी तिला म्हटलं. तिला विनोद कळला नाही, पैसे तेवढे कळले.

मग २०२० चा मार्च. चित्रीकरणं बंद पडली, जुने भाग पुन्हा दाखवू लागले, नवे आले ते जुलैत. मोठ्या मायचे दोन्ही पोरगे बाहेर, एक नागपूरला, एक हैदराबादेत. त्या दिवसांत हैदराबाद, नागपूरकडून माणसं पायी आपल्या जिल्ह्यात येत होती, ते तू बातम्यांत बघितलंच. तिचे पोरगे आले नाहीत, फोन यायचे. ती रोज साडेदहाला टीव्ही लावायची आणि आधी बघितलेला भाग अगदी तसाच बघायची. मी विचारलं, हे तर झालंय ना गं? म्हणाली, "मग? माणसं तर हायेत घरात." कोणाच्या घरात, हे मी विचारलं नाही.

ब्रिटननं २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ साली. आपल्याकडं ते खातं साडेदहाच्या मालिकेकडे होतं.

एरवी आपल्या झाडीपट्टीत रात्रीचा खेळ म्हणजे काय असतो, तुला सांगायला नको. दिवाळी झाली की गावोगाव मंडईच्या जत्रा, मंडईच्या रात्री नाटक, वडशाच्या कंपन्या येणार, पहाटेपर्यंत चालणार. त्यात सुद्धा खलनायक असतो, जमीनदार असतो, नासवलेली पोर असते. पण तो जमीनदार मंचावर आला की हजार माणसं एकदम शिव्या घालतात, शेंगदाणे खातात, बाजूच्या बाईच्या मांडीवर आपलं पोर झोपवतात. लगेच विनोदी पात्र येतं, गाणं होतं. खलनायकाला तिथं आपल्याशी एकटं बोलायला मिळतच नाही. टीव्हीवरचा अण्णा मात्र बंद खोलीत, दिवा मालवल्यावर, एकट्या म्हातारीच्या समोर येऊन बसतो, तेही रोज. एकट्या माणसाची गोष्ट एकट्या माणसानं एकट्यानं बघायची, हा प्रकार आपल्या गावाला नवा होता. मला वाटतं भीती त्याची वाटायची. भुतांची कोणाला पडली होती?

पहिल्या पर्वाच्या वेळी कोकणातूनच आक्षेप आले होते की ही मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते. त्यांचा राग मी समजू शकते, पण नेम चुकला. ह्या मालिकेतली सगळ्यांत निरुपद्रवी गोष्ट म्हणजे भूत. भूत झालं की माणसाची जबाबदारीच संपते. २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं, अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं होऊन वाड्यात परत, आणि मी दोन-तीन आठवड्यांत सोडून दिलं. जिवंत अण्णा कोणाची तरी जमीन लाटत होता, कोणाच्या तरी घरात शिरत होता. मेलेला अण्णा नुसता दचकवत होता. लोकांना तोच जास्त आवडला असेल, कारण अण्णा आणि शेवंता ही तोवर जोडी झाली होती. मोबाईलवर त्यांच्या प्रसंगांना प्रेमाची गाणी जोडून पोरं एकमेकांना पाठवत होती. इथं मालिकेचाही दोष आहे, सगळा बघणाऱ्यांचा नाही. अपूर्वा नेमळेकर काम चांगलंच करत होती, पण शेवंता आली की प्रकाश बदलायचा, संगीत बदलायचं, साडीवर कॅमेरा रेंगाळायचा. अण्णाच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायची सवय आम्हांला त्या कॅमेऱ्यानंच लावली.

आणि अण्णाची बायको, माई? ते काम करणाऱ्या शकुंतला नरे तिन्ही पर्वांत आहेत. त्यांना कोणी संगीत दिलं नाही. नवऱ्याचं सगळं ठाऊक असलेली बाई चुलीपाशी, दारापाशी, पोरांच्या उशापाशी. झपाटलेपणाला कथा मिळते, गं. त्यात जाणं आहे, येणं आहे, मारामारी आहे. माईजवळ नुसता वेळ आहे. तो दाखवायला लागणारा वेळ तुझ्या आठ भागांकडे नाही, रोजच्या मालिकेकडे होता, भरपूर होता, आणि त्यातला बराचसा त्यांनी दचकवण्यात घालवला. माझा राग एवढाच आहे. तू म्हणतेस तसा मालिकेच्या संथपणावर नाही.

तू माईची बाजू घेशील असं मला वाटत नाही. तू म्हणशील, सोडून का नाही गेली? मोठ्या मायनं शेवंताला सतरा वेळा विचारलं कायले गेली म्हणून, पण माई कायले राहिली, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मीही नाही. तू शहरात राहतेस, तू विचार.

मंडईला येणार असशील तर आधी कळव. गोंदियावरून येऊ नकोस, तुमसरवरून बस सोयीची पडते.

तुझी,
बाई