गावच्या क्वायरचे गुरुजी

नॉरिच, जुलै

प्रिय अण्णा,

नॉरिचला येणारा पाहुणा आधी कॅथीड्रलकडे वळतो. चर्चमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कोण शिकवतं आणि कसं शिकवतं, हे बघायला निघालेल्या माणसानं मात्र आधी सेंट बेनेडिक्ट्स स्ट्रीटवरच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये यावं. पंधराव्या शतकातली उंच दगडी इमारत. आत नियमित उपासना आता होत नाही. जुनी चर्चेस जपणारा एक ट्रस्ट तिची देखभाल करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या पाळकांची मुलगी सारा ग्लोव्हर गावातल्या मुलांना उपासनेची गाणी शिकवत होती. मुलं गरीब घरची. पाच रेघांची स्वरलिपी त्यांच्या डोक्यावरून जायची. साराबाईंनी रेघा बाजूला ठेवल्या आणि स्वरांची नुसती आद्याक्षरं घेतली. ती एकाखाली एक लिहून शिडी केली आणि छडीनं एकेका पायरीवर बोट ठेवावं तसं दाखवत मुलांकडून गाऊन घेतलं. सूर पक्का कळावा म्हणून काचेच्या पट्ट्यांचं एक वाद्यही वापरलं. आधी गळ्यात सूर बसवायचा, कागदाकडे नंतर वळायचं, असा सगळा क्रम होता. १८३५ साली या पद्धतीचं पुस्तक निघालं. शाळेत ही पद्धत कशी शिकवावी याच्या सूचना त्यात मुद्दाम दिल्या होत्या. म्हणजे ते शिक्षकांसाठी लिहिलेलं पुस्तक होतं, आणि साराबाईंचं मोठेपण तिथेच आहे.

पुढची गोष्ट १८४१ ची. हल गावी संडे स्कूलच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मंडळीला गायला शिकवण्याची सगळ्यांत सोपी रीत शोधून काढा, असं काम तिनं जॉन कर्वेन नावाच्या तरुण पाळकावर सोपवलं. कर्वेन काही संगीतात तयार झालेला माणूस नव्हता. त्याच्या हाती ग्लोव्हरबाईंचं पुस्तक आलं आणि त्यावरून तो स्वतः शिकला. मग त्यानं त्यात आपले फेरफार केले. बाईंना आधी विचारलं नाही आणि ते फेरफार त्यांना रुचलेही नाहीत. तरी ‘टॉनिक सोल-फा’ या नावानं जगभर पसरली ती कर्वेनची पद्धत. १८६९ मध्ये तिच्या शिक्षकांसाठी कॉलेजही उभं राहिलं.

अण्णा, ही पद्धत तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. यातला ‘डो’ पियानोच्या एका पट्टीला खिळलेला नाही. गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तिथे तो धरायचा, बाकीचे स्वर त्याच्या मागोमाग येतात. तुम्ही पेटीवर काळी दोनचा सा धरता आणि बायकांच्या क्वायरला झेपत नाही म्हटल्यावर खाली उतरता, अगदी तसंच. कर्वेननं स्वरांसाठी हाताच्या खुणाही ठरवल्या: डो म्हणजे मिटलेली मूठ, मी म्हणजे जमिनीशी समांतर आडवा पंजा, टी म्हणजे वर रोखलेलं बोट. पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीत याच खुणा आल्या आणि आज जगभरच्या शाळांत त्या दिसतात. त्यांचा जन्म मात्र चर्चच्या गरजेतून झाला.

अ‍ॅबरडेअर, वेल्स

प्रिय अण्णा,

कार्डिफहून निघालेली गाडी खोऱ्याखोऱ्यांतून वर चढत इथे पोचते. कोळशाच्या खाणी बंद पडून काळ लोटला, पण गावच्या चौकात हातात बॅटन घेतलेला एका क्वायर-डायरेक्टरचा पुतळा अजून उभा आहे. हा ग्रिफिथ रीस जोन्स, लोकांच्या तोंडी ‘कारादोग’. धंद्यानं लोहार. १८७२ मध्ये साडेचारशेच्या आसपास गायक घेऊन तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्पर्धेला गेला आणि विजयी होऊन परतला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एवढी माणसं चार आवाजांत बिनचूक गायला शिकली कुठे? चॅपलमध्ये.

याच गावात १८५९ साली येआन ग्विल्ट या पाळक-संगीतकारानं ‘गमान्वा गानी’ सुरू केली. चार आवाजांतल्या गीतांचं त्याचं पुस्तकही त्याच वर्षी आलं. गमान्वा गानी म्हणजे सामुदायिक गायनाचा मेळावा, आणि त्यात ऐकायला बसणारा असा कुणी नसतो. ठरलेली गीतं आसपासची सगळी चॅपलं आपापल्या ठिकाणी महिनोन्‌महिने घोटतात. मग एका दिवशी सगळे एकत्र जमतात. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार गट वेगळे बसतात आणि बाहेरून बोलावलेला संचालक पुलपिटवर उभा राहतो. तो मध्येच थांबवतो, टेनरांकडून एक ओळ पुन्हा घेतो, शब्दांचा अर्थ सांगतो, आणि मनासारखं झालं की शेवटचं कडवं परत म्हणायला लावतो. सण आणि शाळा एकाच दिवशी!

कर्वेनचा सोल-फा इथल्या चॅपलांत का रुजला, याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. पाच रेघांची स्वरलिपी छापायला खास सामग्री आणि खास कारागीर लागायचा. सोल-फा म्हणजे अक्षरं, स्वल्पविराम आणि विसर्गासारखे ठिपके. कुठल्याही छापखान्यात ते जुळवता यायचे, त्यामुळे चोपडी खाणकामगाराच्या खिशाला परवडायची. आता चॅपलं एकामागून एक बंद होत आहेत. म्हातारी माणसं अजून सोल-फा वाचून बास गातात, नातवंडांना तो येत नाही. हे बघताना वाईट वाटतं.

ही पद्धत भारतात नीट टिकली ती ईशान्येला. वेल्सचे मिशनरी थॉमस जोन्स १८४१ मध्येच खासी टेकड्यांत पोचले होते. पुढे वेल्सची मंडळी मिझोरामलाही गेली. मिझो गीतपुस्तकं आजही सोल-फाच्या अक्षरांत छापली जातात आणि खेड्यातली मंडळी ती बघून चार आवाजांत गातात.

आपल्याकडे नगरला मात्र आलं अमेरिकन मराठी मिशन, आणि पुढे कवी नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजन उपासनेत आणलं. ती देणगी अमोल आहे. मात्र तिच्याबरोबर आपल्या पेटीवाल्यावर दुहेरी ओझं आलं. एकाच रविवारी त्यानं टिळकांचं भजन ठेक्यात धरायचं, आणि लगेच विलायती चालीवरचं भाषांतरित गीतही वाजवायचं, ज्यात कडव्याच्या शेवटी लांबवायचं किती आणि श्वास कुठे सोडायचा हे कुणी कधी सांगितलेलं नाही. तुम्ही दोन्ही शिकलात ते ऐकून-ऐकून. तुमच्यासारखे किती तरी जण गावोगाव एकटेच शिकले आहेत.

सॉल्झबरी

प्रिय अण्णा,

इथल्या कॅथीड्रलचा १२३ मीटर उंचीचा मनोरा, ब्रिटनमधल्या चर्चेसच्या मनोऱ्यांत सगळ्यांत उंच. त्याच्याभोवती हिरवळ आणि जुनी घरं. १९९१ मध्ये याच कॅथीड्रलनं मुलींचा स्वतंत्र क्वायर उभा केला; इंग्लंडच्या कॅथीड्रलांत हे पहिल्यांदा घडलं. जवळच्या बेमर्टन गावचे पाळक, कवी जॉर्ज हर्बर्ट, सतराव्या शतकात आठवड्यातून दोनदा इथे उपासनेचं गाणं ऐकायला चालत यायचे आणि नंतर मित्रांबरोबर वाजवायला बसायचे. पाळकही आणि कवीही म्हटल्यावर टिळकांची आठवण होतेच.

रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक ही संस्था २००६ मध्ये सॉल्झबरीला आली. तिची सुरुवात सिडनी निकल्सन यांनी १९२७ मध्ये केली. ते तेव्हा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे ऑर्गनिस्ट होते. चर्चसंगीतात त्यापलीकडे मोठं पद इंग्लंडात शोधून सापडणार नाही. ते पद त्यांनी १९२८ मध्ये सोडलं. १९२९ मध्ये चिझलहर्स्टला छोटं कॉलेज काढलं आणि उरलेलं आयुष्य खेड्यापाड्यांतले क्वायर ऐकत, त्यांना शिकवत घालवलं. अ‍ॅबीचं गाणं त्यांच्यावाचूनही चांगलंच होणार होतं. ज्या चर्चमध्ये सहा मुलं, चार बायका आणि घाबरत वाजवणारी एक शिक्षिका आहे, तिथे कुणीच जात नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी हे ओळखणारा हा माणूस फार मोठ्या मनाचा म्हणायला हवा. संस्थेला ‘रॉयल’ हे बिरुद १९४५ मध्ये मिळालं, दोन वर्षांनी निकल्सन गेले.

शिकवणं अजून त्याच वळणाचं आहे. मुलांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम आहे. पायरी चढली की गळ्यातल्या पदकाची फीत बदलते: फिकी निळी, गडद निळी, लाल, पिवळी. मोठ्यांसाठी एक दिवसाची शिबिरं, उन्हाळ्यात निवासी वर्ग.

असंच एक शिबिर जवळच्या खेड्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये बघायला मिळालं. जमलेले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. एक निवृत्त नर्स, एक शेतकरी, पियानो शिकवणाऱ्या दोघी. कुणी आपणहून ऑर्गनवर बसलेलं नव्हतं. आधीचा ऑर्गनिस्ट गेला आणि पाळकांनी विचारलं, एवढंच. पहिला तास गीत न वाजवण्याचा होता! शब्द मोठ्यानं वाचायचे, वाक्य कुठे पुरं होतं तिथे पेन्सिलीनं खूण करायची, आणि ओळ संपली तरी वाक्य संपलं नसेल तर तिथे श्वास घ्यायचा नाही. मग प्रत्येकानं आपल्याच हातावर ताल धरून गीत मनात म्हणायचं आणि पहिल्या दोन ओळी वाजवायच्या. शिकवणाऱ्या बाईंचा आग्रह एकच: सुरुवातीला जी लय दाखवाल तीच मंडळी धरणार, म्हणून वाजवणाऱ्यानं सुरुवात करायच्या आधी कडवं मनात गायलेलं असलं पाहिजे. दोन कडव्यांमधली उसंत दर वेळी सारखीच हवी. ती कमी-जास्त झाली की मंडळी बिचकते आणि पुढच्या कडव्याचा पहिला शब्द कुणीच म्हणत नाही.

पियानोवाल्यांना ऑर्गन जड गेला. पियानोत पायाखालचं पेडल दाबलं की सूर रेंगाळतो. ऑर्गनवर बोट उचललं की सूर तिथेच तुटतो. म्हणून एक बोट सोडायच्या आत दुसरं टेकवायचं, कधी दाबलेल्या पट्टीवरच बोट बदलायचं. बाई हे पुन्हापुन्हा करून घेत होत्या. अण्णा, यात तुम्ही त्यांच्या पुढे आहात. पेटीचंही तसंच आहे, आणि तुमची बोटं हे कधीच शिकून बसली आहेत, तेही एका हातानं भाता मारत.

दुपारी क्वायर-डायरेक्टरांची पाळी. नवशिका हात खाली आणतो आणि सगळ्यांनी तिथे गावं अशी अपेक्षा करतो. खरं काम त्याच्या आधीचं: हात वर जाताना स्वतः तोंड उघडून श्वास घ्यायचा, तो बघून सगळे श्वास घेतात आणि आपोआप एकत्र सुटतात. शेतकरी गृहस्थांचा हात ताठ होता. बाईंनी त्यांना हात खिशात घालायला लावला आणि नुसत्या श्वासावर क्वायर सुरू करायला सांगितलं. सगळे बरोबर एकाच क्षणी सुरू झाले.

एकानं विचारलं, वाजवायला कुणीच नसेल तर ध्वनिमुद्रित साथ लावली तर? आता तशी यंत्रं बऱ्याच चर्चेसमध्ये आहेत. बाईंनी नाही म्हटलं नाही. पण हेही खरं, की यंत्र एका म्हाताऱ्या आवाजासाठी थांबत नाही, आणि कुणाच्या अंत्यविधीला मंडळीचा आवाज भरून आला तर लय थोडी सोडत नाही.

आपल्याकडे गोव्यानं हे शिकवणं स्वतःच्या रीतीनं केलं. पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांत मेस्त्र मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातूनच मुंबईच्या सिनेमाला वादक मिळाले. माजोर्ड्याच्या चर्चचे क्वायरमास्टर आपल्या मुलाला घरीच शिकवत. तो मुलगा म्हणजे पुढे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना शिकवणारे अँथनी गोन्साल्विस. नगर-वसईकडेही गाणारे गळे भरपूर आहेत, पण एखाद्या खेड्यातल्या पेटीवाल्याला दिवसभर हात धरून कुणी शिकवलं, असं अभावानंच घडतं.

तेव्हा एक विनंती. वडाळा, राहुरी, शेवगाव, श्रीरामपूर इथल्या मंडळ्यांतले पेटीवाले आणि क्वायर चालवणारे एका शनिवारी नगरला बोलवा. टिळकांचं एक भजन आणि विलायती चालीचं एक गीत, दोनच घ्यायची. सकाळी शब्द आणि श्वास, दुपारी पेटी आणि हात. जेवणाचं काकू बघतील. पावसाळा संपल्यावर आणि नाताळच्या तालमी सुरू होण्याआधीचा शनिवार धरावा लागेल, म्हणून पाळकसाहेबांच्या कानावर आत्ताच घालून ठेवा.